याकोबभाईंच्या आधी

१

मी बोलते फार, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, भागीरथी, तुझ्या तोंडाला ब्रेक नाही. नसू दे. वीस वर्षं सुरतेत कतारगामच्या लूमखात्यात बॉबिन भरल्या, रोज बारा तास, त्या खडखडाटात. तिथं ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. मग बाहेर आल्यावर बाई बोलणार नाही तर काय करणार?

पण खात्यात आम्ही गप्प असतो असं समजू नका. आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं वाचायचे. दहा लूम सोडून पलीकडून मी ह्यांना विचारायची, भाजी काय करू, आणि हे तिकडून सांगायचे, वांगी नको. शेठची निंदा तर शेठ मध्ये उभा असताना चालायची. घाईचं काही असलं, कुणाचा सदरा पट्ट्यात ओढला जायला लागला, तर मात्र हात. उजवा पंजा उभा करून समोर धरायचा, म्हणजे लूम बंद. तो पंजा दिसला की कारीगर आधी लूम थांबवतो आणि मग विचारतो काय झालं.

माझी हर्षदा त्याच खात्यात वाढली, बॉबिनच्या खोक्यांमागं गोधडी टाकून. म्हणून तिला ओठ आधी वाचता आले, अक्षरं नंतर. आणि हे चांगलंच झालं म्हणायचं, कारण पोर अडखळत बोलायची. पहिलं अक्षर ओठात धरलं की सुटायचंच नाही. आ-आ-आ करत राहायची आणि मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. शाळेत पोरांनी नको नको केलं तेव्हा सातवीत शाळा सोडली. एकोणिसाव्या वर्षी धुळ्याकडचं स्थळ आलं, चहा झाला, मुलाच्या मामानं नाव विचारलं आणि पोर ह-ह-ह वरच थांबली. ते लोक पोहे अर्धे ठेवून उठले. मला त्या दिवशी इतका राग आला की ते पोहे मी गटारात फेकले, बशीसकट.

खात्यात मात्र ती कधी अडखळली नाही. ओठांना आवाज लागत नाही ना.

२

प्लेगच्या साली निम्मं सुरत पळालं होतं, त्यानंतरचं दुसरं वर्ष. दिवसपाळी करून मी घरी आले. हर्षदा स्टोव्हपाशी उभी होती, मी पाय धुवत होते.

ती म्हणाली, "आई, टॉवेल दोरीवर आहे, ओल्या पायांनी आत येऊ नको."

सरळ. एका दमात. एकही अक्षर अडलं नाही. मी मोरीतच उभी राहिले. ती हसली आणि म्हणाली, "काय बघतेस? मी बोलतेय." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो आणि पातेल्यातलं सगळं दूध उतू गेलं. गेलं तर गेलं. मी चाळीत ओरडत फिरले, माझी पोर बोलली म्हणून. साखर वाटली. हे पाळीवरून आले तेव्हा मी त्यांना दारातच तिच्यासमोर उभं केलं. हे लूमपायी अर्धे बहिरे झालेत, तरी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत राहिले आणि रडले. पंचवीस वर्षांच्या संसारात निंबा पाटलाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

हे केलं याकोबभाईंनी. समोरच्या चाळीतली प्रमिलाबाई तिला पर्वत पाटियाला त्यांच्या प्रार्थनेला घेऊन गेली होती. याकोबभाई नवापूरकडचे, एके काळी हातगाडीवर भाजी विकायचे. प्लेगमध्ये सगळे पळाले तेव्हा हा माणूस घरोघर पाणी पोचवत होता, असं लोक सांगायचे. आता दर रविवारी दोनशे-तीनशे माणसं त्यांचं ऐकायला येत. काही जण तर घरदार सोडून चलथाणला, उसाच्या शेतांपलीकडे एका मोठ्या घरात एकत्र राहायला गेले होते. त्याला ते 'घर घेणं' म्हणत.

मग चाळीत वाद पेटला. कुणी म्हणे भक्ती आहे, कुणी म्हणे ही सरळसरळ बुवाबाजी, पोरीला भुरळ घातलीय. मी भक्तीच्या बाजूनं तावातावानं भांडले. का नाही भांडणार? माझी पोर बोलत होती. शेवटी मी मार्थाबेनला गाठलं. ती दवाखान्यात नर्स, व्याऱ्याकडची, जन्माची ख्रिस्ती, जुन्या देवळात जाणारी. तिला म्हटलं, तूच सांग, तुमच्यातलंच आहे ना ते?

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "आमचे पाद्रीसाहेब बोलायला लागले ना बेन, की अर्धी माणसं पेंगतात. पोरं रडतात, म्हातारे खोकतात. माणसं म्हटल्यावर असंच होणार. तिथं कुणी पेंगतं का, ते बघून ये."

३

रविवारी सकाळी दहा वाजता मी हर्षदाबरोबर गेले. बंद पडलेल्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यावरचा पत्र्याचा हॉल. दाराबाहेर चपलांचा ढीग. हर्षदा पुढं तिच्या ठरलेल्या जागी जाऊन बसली. मला उशिरा आल्यामुळं जागा नव्हती, म्हणून भिंतीला धरून पुढच्या कोपऱ्यात उभी राहिले. तिथून याकोबभाई बाजूनं दिसत होते आणि लोकांचे चेहरे समोरून.

काय सांगू तुम्हाला, काय आनंद होता तिथं! टाळ्या अशा की पत्रा थरथरत होता. माझ्या अंगावर काटा आला, चांगला काटा. मी पण टाळ्या वाजवायला लागले, बांगडी फुटली तरी कळलं नाही. याकोबभाई काटकुळा माणूस, इस्त्रीचा शर्ट, डोळे मिटलेले. पण आवाज असा की बसलेल्याला उठवेल. झोळी फिरली नाही, कुणाकडे काही मागितलं नाही. मी मनात म्हटलं, बघा आता, चाळीतल्या शहाण्यांनो.

मग मार्थाबेनचं आठवलं. मी बघायला लागले कुणी पेंगतंय का.

कुणी पेंगत नव्हतं. खोकत नव्हतं. लहान पोरं होती, तीही ताठ बसली होती. आणि सगळ्यांचे ओठ हलत होते, अगदी बारीक, आवाज नाही. मला हसू आलं. म्हटलं, पाठ झालंय यांना, आरतीसारखं. सवयीनं मी वाचायला लागले. ओठ म्हणाले, ज्याचं ओझं जड आहे त्यानं ते इथं ठेवावं. मग याकोबभाई म्हणाले, "ज्याचं ओझं जड आहे त्यानं ते इथं ठेवावं."

आधी ओठ, मग याकोबभाई. मी पुन्हा बघितलं. दोन बोटं मोडण्याइतकं अंतर, पण दर वेळी आधी ओठ. ठीक आहे, म्हटलं, पाठ असेल तर माणूस पुढं पळतोच. भजनात मी सुद्धा पळते.

तेवढ्यात तीनशे ओठ म्हणाले, भिंतीशी एक नवी बाई उभी आहे, तिची बांगडी फुटलीय.

माझे हात हवेतच राहिले. याकोबभाईंचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "भिंतीशी एक नवी बाई उभी आहे, तिची बांगडी फुटलीय."

सगळे माझ्याकडे वळून हसले. गोड हसले हो, घरच्यासारखे. हर्षदाही हसली.

४

घरी येईपर्यंत मी स्वतःला चार वेळा समजावलं. टाळ्यांनी कान दडपले होते, आधी-नंतर कळलं नसेल. पुढच्या एखादीनं बांगडी बघून कुजबूज केली असेल. वीस वर्षं ओठ वाचून डोळ्यांना खोड लागलीय. सगळं पटलं आणि मी कणीक मळायला बसले.

हर्षदा खिडकीशी तांदूळ निवडत बोलत होती. किती बोलायची आता! मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, तर तिच्या मागं, गल्लीपलीकडं, प्रमिलाबाई तिच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिचे ओठ हलत होते. मी वाचलं: रात्री खिचडीच टाकू, बाबांना बरी पडेल.

हर्षदा म्हणाली, "रात्री खिचडीच टाकू, बाबांना बरी पडेल."

मी पिठाच्या हातानं उठले आणि खिडकी लावली. हर्षदा पुढचं बोलत होती, "आणि आई, लोणचं स-स-स..." शिरा फुगल्या. डोळ्यांत पाणी. मी खिडकी उघडली. प्रमिलाबाई आमच्याकडेच बघत उभी होती, हातात ओला टॉवेल. "संपलंय," हर्षदा म्हणाली, एकदम मोकळी.

मग ती तशीच मोकळेपणानं म्हणाली की येत्या रविवारी ती चलथाणला घर घ्यायला जाणार, कायमची. टेम्पो येणार आहे. मी बोलायच्या आत तिनं माझा हात धरला. म्हणाली, तिथं मला कधीच अडखळावं लागणार नाही.

मी ह्यांना मोरीमागं नेऊन सगळं सांगितलं, ओठांनीच, ती ऐकेल म्हणून. हे घरच्या अहिराणीत म्हणाले, "आपली अंडेर बोलनी, भागी. आखो काय जोयजे तुले?" मुलगी बोलायला लागली, आणखी काय हवं तुला, असं. बोलणं हवं होतंच मला. पण ते तिचं हवं होतं.

५

गुरुवारी मी खाडा केला आणि भर दुपारी पर्वत पाटियाला गेले, याकोबभाईंशी भांडायला. रिक्षात बसून वाक्यंसुद्धा जुळवली होती. काय म्हणून तुम्ही लोकांच्या पोरींना बांधून ठेवता, तुमची असली भक्ती आम्हाला नको, वगैरे वगैरे. तोंड शिवशिवत होतं.

हॉल रिकामा होता. मागं एक छोटी खोली, तिथं ते एकटेच. खाट, माठ, खुंटीवर तोच इस्त्रीचा शर्ट. बनियनवर बसले होते. मी सगळी वाक्यं एका दमात म्हणून टाकली. ते बघत राहिले. माझं संपलं तरी बघतच राहिले.

मग त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. घसा हलत होता, जबडा हलत होता, कपाळावर घाम आला होता. नुसती हवा. हाच तो माणूस, ज्याच्या आवाजानं पत्रा थरथरत होता. मी घाबरून पाणी द्यायला माठाकडं वळले, तर त्यांनी माझं मनगट पकडलं आणि आपल्या तोंडाकडं बोट केलं.

तेव्हा मी ओठ वाचले. दोनच शब्द होते, परत परत तेच. मला न्या. मला न्या.

बाहेर हॉलमध्ये चपलांचा आवाज झाला. बरीच माणसं असावीत. याकोबभाईंनी माझं मनगट सोडलं, चेहऱ्यावर हसू आलं आणि त्या भरदार आवाजात म्हणाले, "बहेन, रविवारी टेम्पो दहाला येईल. पोरीच्या दोन साड्या पुरेत."

त्यांचे डोळे मात्र हसत नव्हते. मी कुणाच्या ओठांकडं बघितलं नाही. भिंतीला धरून धरून, बाहेरच्या दाराकडे पाठ करून उभ्या असलेल्या बायकांच्या मधून मी बाहेर पडले आणि मुख्य रस्त्यापर्यंत पळतच गेले.

६

रविवारी पहाटेच मी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला कडी घातली आणि आरशावर सुद्धा चादर टाकली. हे बघत होते. हर्षदा पिशवी भरून बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आता इथं कुणी नाही. तुला जायचंय का, ते तू सांग."

तिनं तोंड उघडलं. म-म-म. शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. पूर्वी मी अशा वेळी तिचं वाक्य पुरं करून टाकायची, मला तो त्रास बघवायचा नाही. त्या दिवशी नाही केलं. मांडीवर हात दाबून बसले. ओठांनी सांग, असंही म्हटलं नाही, कारण ओठांवर आता माझा भरवसा नव्हता. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. ती म-म करत राहिली, मी बसून राहिले. किती वेळ गेला देव जाणे.

"म-मला न-न-नाही ज-जायचं, आई."

एवढं गोड वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. मी तिला छातीशी घट्ट धरलं. हे उठून पिशवीतल्या साड्या काढून फळीवर ठेवायला लागले.

मग मी कडी काढली. ह्यांनी पदर धरून ओढलं, पण मी काय ऐकते? चांगलं खडसावून सांगायचं होतं मला, माझी पोर येणार नाही म्हणून. गॅलरीत आले. खाली गल्ली भरली होती, उन्हात, शे-दीडशे माणसं, प्रमिलाबाई पुढं. सगळ्यांचे चेहरे वर. याकोबभाई टेम्पोत बसलेले, मान खाली घालून.

मी तोंड उघडलं. आणि बघितलं तर खालच्या सगळ्यांचे ओठ आधीच हलून थांबले होते. मी ते वाचलं. मग माझ्याच तोंडातून माझ्याच आवाजात ते बाहेर पडलं.

"तिच्याऐवजी मी येते."

पाय जिना उतरायला लागले. टेम्पोतून याकोबभाई उतरले, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मुख्य रस्त्याकडं चालायला लागले. त्यांना कुणी अडवलं नाही.

७

तर मंडळी, ही माझी साक्ष. पर्वत पाटियाच्या याच हॉलमध्ये, याच जागी उभी राहून मी दर रविवारी ती देते, आणि तुम्ही दर रविवारी ऐकता, कुणीही पेंगत नाही. याकोबभाई नवापूरला आहेत म्हणे. भाजीची गाडी लावतात, भाव बोटांनी सांगतात, सुखी आहेत.

बाहेर अजून तोच वाद चालतो. भक्ती आहे की बुवाबाजी आहे. मला विचाराल तर, बुवाबाजी म्हणायला एक बुवा लागतो. मी इतकं शोधलं, मला बुवा कुठं सापडला नाही. याकोबभाई नव्हते. मी नाही. मग तुमच्यापैकी कोण, असं मी तुमच्या चेहऱ्यांवर शोधते, तर तुम्ही सगळे सारखेच गोड हसता. हे सगळं मला सांगू तरी कसं देता तुम्ही, तेही मला कळत नाही. तुम्हाला आवडत असेल.

माझं बोलणं आता काय सुरेख झालंय, नाही? एक शब्द अडत नाही. समोर बघायचं, वाचायचं आणि म्हणायचं.

पण आज माझं मन थाऱ्यावर नाही, कारण हर्षदा आलीय. गेल्या महिन्यात ती रस्त्यापलीकडं उभी राहायची. मागच्या रविवारी जिन्यात होती. आज दारात आहे, तुमच्या पाठीमागं. मला न्यायला आलीय, वेडी. तिला अजून अडखळतच बोलता येतं, घरी ह्यांच्याशी पाच मिनिटांत एक वाक्य बोलते, असं ऐकते. ते वाक्य मला ऐकायचंय हो, फार ऐकायचंय. पण ती आत आली तर मी सुटेन, आणि याकोबभाई कसे सुटले ते मला माहीत आहे.

तुमचे ओठ आता म्हणताहेत, ये बाळ, पुढं ये.

"ये बाळ, पुढं ये."

ऐकलंत? माझाच आवाज. किती मायेचा. हर्षदा, तू ऐकू नको. माझ्या ओठांकडेही बघू नको, तेही माझे राहिले नाहीत. हात बघ. माझा हात अजून माझा आहे, गेले सहा महिने मी तो कुणाला दिसू दिलेला नाही, पदराखाली जपून ठेवलाय, या एका वेळेसाठी. खात्यातली खूण, लूम बंद. ती तू विसरणार नाहीस. तो पंजा दिसला की आधी थांबायचं आणि मग विचारायचं.

मी पदर बाजूला केला आणि उजवा पंजा उभा करून समोर धरला.

आणि समोर बघितलं तर तुमचे सगळ्यांचे पंजे माझ्याआधीच वर गेलेले होते, तीनशे हात, बोलावल्यासारखे आनंदानं हलणारे. त्यांच्या पलीकडं दारात हर्षदा मला बघून हसली. ती खाली वाकून चपला काढतेय.